माईक बंद ठेवलेली फेरी

कप्तानीण माईकवर फार बोलते, अशी तक्रार बोटीच्या अभिप्रायवहीत दोन वर्षांत अकरा वेळा आली होती. "आवाज चांगला आहे, पण पाण्यातल्या प्रत्येक ओंडक्याची माहिती देण्याची गरज नाही," असं एका निवृत्त मास्तरांनी लिहून खाली पल्लेदार सही केली होती. एका बाईंनी लिहिलं होतं, "आम्ही नदी बघायला आलो होतो, ऐकायला नाही." कप्तानीण ती वही रोज संध्याकाळी वाचायची, "बरं बरं" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओंडके सांगायला लागायची.

कप्तानीण म्हणजे कप्तानांची बायको. धक्क्यावरच्या लोकांनी तिला ते नाव दिलं होतं आणि तिनेही कुरकुर न करता ते लावून घेतलं होतं. बोट चाळीस खुर्च्यांची. पुढे काचेच्या केबिनमध्ये चाकावर कप्तान, मागे खाली इंजिनावर तिचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे मिस्त्री म्हणत, आणि या दोघांच्या मधलं जे काही उरेल ते सगळं कप्तानिणीकडे. तिकिटं, चहा-बिस्किटं, जाकिटांचे पट्टे, दोर टाकणं, दोर ओढणं, उलट्या झाल्या तर त्या, आणि माईक. फेरी पन्नास मिनिटांची. धक्क्यावरून निघायचं, दोन पूल ओलांडायचे, बेटाला वळसा घालायचा आणि आल्या वाटेने परत यायचं. दिवसाला चार फेऱ्या.

तशी ती पूर्वी फार बोलत नसे. माईक तिला आवडतच नव्हता. आपलाच आवाज कर्ण्यातून बाहेर पडला की दुसरीच कुणीतरी बाई आपल्या नावावर बोलतेय असं तिला वाटायचं. पूल आला की "हा पूल", बेट आलं की "हे बेट", आणि धक्का आला की "सामान विसरू नका". एवढ्यात पन्नास मिनिटं सुखाने निघायची.

मग दोन वर्षांपूर्वी एका भर दुपारी बोट खांबाला घासली. पाण्यात वीस वर्षं उभा असलेला, लाल पाटी लावलेला खांब. फार काही झालं नाही, एका आजोबांचा चहा धोतरावर सांडला इतकंच. कप्तान केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "हा इथे कुणी लावला?"

कप्तानीण हसली. मग तिने त्यांचा चेहरा बघितला आणि तिचं हसू तिथल्या तिथे आटलं. ते खरंच विचारत होते. खांब समोर होता, आणि ते मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत होते.

पुढचे आठ दिवस तिने नवऱ्यावर पाळत ठेवली. चहा ते नीट ओतायचे. जिना नीट उतरायचे. पेपर मात्र "हल्ली यात काही वाचण्यासारखं नसतं" म्हणून बाजूला सारायचे. आणि तिच्याशी बोलताना त्यांची नजर तिच्या कानाच्या जरा पलीकडे असायची. तिने दोन अधिक दोन केले. यांना कडेचं दिसतंय, समोरचं दिसत नाहीये. बोट हाकणाऱ्याला नेमकं उलटं लागतं.

त्या दिवशी जेवताना विषय काढायचा असं तिने पक्कं ठरवलं. ताटं वाढली. जेवणाऱ्या माणसाच्या घशात घास कशाला अडकवा, म्हणून हात धुतल्यावर बोलू असं म्हणाली. हात धुतले, तर कप्तान खुशीत येऊन म्हणाले, "केबिनला नवा रंग द्यायचा म्हणतोय. अजून दहा वर्षं तरी काढायचीत तिच्यात." झालं. या माणसाने पंचविसाव्या वर्षी चाक हातात धरलं ते आज छप्पन्नाव्या वर्षापर्यंत सोडलं नव्हतं. घरात ते पाहुण्यासारखे राहत, बोटीवर गेले की घरी आल्यासारखे वागत. त्यांना सांगायचं तरी काय? तिने ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला समोरून वाळूची होडी आली. कप्तानिणीने माईक उचलला आणि म्हणाली, "मंडळी, समोर जरा उजवीकडे बघा. वाळूची होडी येते आहे. आपल्यापासून साधारण शंभर हात."

मंडळींनी उजवीकडे बघितलं. बोट डावीकडे सरकली. कुणाला काही कळलं नाही, आणि तेव्हापासून कप्तानीण जी बोलायला लागली ती लागलीच.

"मंडळी, हा आपला पहिला पूल. याला चार कमानी. डावीकडून दुसऱ्या कमानीखाली पाणी सगळ्यांत खोल, आपण तिथूनच जाणार. आता राहिले साठ हात. आता चाळीस. कमान बरोब्बर समोर आहे, बघा, जरासुद्धा इकडेतिकडे नाही." लोक बिचारे कमान बघायचे, फोटो काढायचे. एवढ्या बारकाईने पूल दाखवणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

कप्तान घरी म्हणायचे, "तू हल्ली फार बडबड करतेस गं माईकवर."

"लोकांना आवडतं."

"वहीत तर भलतंच लिहिलंय."

"वही तुम्ही कधी वाचलीत?" ती म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"मिस्त्रीने वाचून दाखवली. माझा चष्मा घरी होता."

दोघांच्याही मधोमध तो चष्मा टेबलावर होता.

मिस्त्री एकदा इंजिनाच्या खोलीतून डोकं वर काढून म्हणाला, "ताई, एक विचारू? तू हे सगळं माणसांना सांगतेस की दाजींना?"

"तू तेल घातलंस का इंजिनात?"

"घातलं की."

"मग अजून घाल."

त्याने पुन्हा विचारलं नाही. तो तिचा भाऊ होता, लहानपणापासून त्याला या आवाजाची ओळख होती.

असं सगळं सुरळीत चाललं होतं असं म्हणावं, तर ते खोटं होईल. खुर्च्यांवर बसलेली डोकी कप्तानीण रोज चार वेळा मोजायची, त्यात एखादं कडेवरचं मूल असलं की त्याच्या जाकिटाचा पट्टा ती पुन्हा आवळायची. बोट धक्क्याला लागली, दोर खांबाला अडकला की जीव भांड्यात. अर्ध्या तासाने पुढची फेरी. आपण करतोय ते बरोबर नाही, हे तिला चांगलं कळत होतं. पण कप्तान घरी खिडकीशी बसलेत, बाहेर तोंड केलंय आणि दिसतेय फक्त बाजूची भिंत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की तिचं सगळं शहाणपण गळून पडायचं.

अशात परवान्याचं पत्र आलं. दर पाच वर्षांनी परवाना नवा करावा लागे. डोळ्यांचा दाखला द्यायचा, आणि एका फेरीला तपासनीस स्वतः बोटीवर येणार. पास झालं तर पुढची पाच वर्षं कुणी विचारायला येत नाही. नापास झालं तर त्या क्षणापासून चाकाला हात लावायचा नाही.

डोळ्यांचा दाखला कप्तानांनी दोन तासांत आणला. देणारे डॉक्टर त्यांच्या शाळेतले, वर्गमित्र. "दिसतं ना रे?" डॉक्टरांनी विचारलं. "दिसतं की," कप्तान म्हणाले. मग दोघांनी चहा घेतला. डॉक्टरांची सही अर्धी कागदावर होती, उरलेली अर्धी बहुधा त्यांच्या टेबलावर राहिली.

राहता राहिला तपासनीस. त्याला काय, माईकवरून बेटापर्यंत नेऊन आणू, असं कप्तानिणीने मनाशी ठरवलं. आदल्या दिवशी शेवटची फेरी संपल्यावर तिने घशाला आराम दिला, गरम पाणी प्यायली, भावाशीसुद्धा खुणांनी बोलली. तिला तो परवाना हवा होता. दुसरं काहीएक नको होतं.

तपासनीस सकाळी दहाच्या, दिवसाच्या पहिल्याच फेरीला आले. बारीक अंगकाठीचे, शांत गृहस्थ. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच त्यांनी जाकीट चढवलं आणि त्याचे तिन्ही पट्टे आवळले. प्रवासी छत्तीस. तपासनिसांनी फळीला लावलेल्या कागदावर तारीख घातली, केबिनमध्ये कप्तानांच्या शेजारी स्टुलावर बसले आणि बाहेर माईक हातात घेऊन उभ्या असलेल्या कप्तानिणीला म्हणाले, "तो बंद ठेवा."

"काय?"

"माईक. परीक्षेच्या फेरीत बंद ठेवायचा. कप्तानांना बाकीच्या बोटींचे भोंगे ऐकू यायला हवेत. नियम आहे."

"अहो, पण प्रवाशांना माहिती..."

"प्रवाशांना डोळे आहेत," तपासनीस म्हणाले.

तिने माईक हुकला अडकवला. कप्तान मात्र खुशीत होते. "बरं झालं," ते म्हणाले, "एक दिवस तरी शांतता." आणि त्यांनी बोट सोडली.

पाच मिनिटांनी कप्तानीण चहाचा पेला घेऊन केबिनच्या दाराशी गेली. "अहो, चहा. आणि पुढे ते..."

"कप्तानांशी बोलायचं नाही," तपासनीस म्हणाले आणि चहा स्वतः प्यायले.

ती मागे येऊन कठड्याला धरून उभी राहिली. पहिला पूल जवळ येत होता. चार कमानी. तिचे ओठ आपोआप हलत होते, साठ हात, चाळीस हात. बोट डावीकडून दुसऱ्या कमानीखालून सुईत दोरा ओवावा तशी निघाली. तपासनिसांनी कागदावर खूण केली. वाळूच्या होडीने लांबून भोंगा दिला, कप्तान आवाजाच्या अंदाजाने बाजूला झाले. दुसरी खूण. एकतीस वर्षांची नदी त्यांच्या मनगटात बसलेली होती. कप्तानिणीला क्षणभर वाटलं, अरेच्चा, आपण दोन वर्षं उगाचच घसा फोडला की काय? तिला रडूच यायला लागलं, आनंदाने.

मग दुसरा पूल दिसला.

या पुलाला तीन कमानी. तीन महिने त्याचं रंगकाम चाललं होतं आणि रंगाऱ्यांचा तराफा मधल्या कमानीत बांधलेला असायचा. "मंडळी, मधल्या कमानीत रंगकाम चालू आहे, म्हणून आपण डावीकडच्या कमानीतून जाणार आहोत," हे वाक्य तिने तीन महिने, दिवसाला चार वेळा म्हटलं होतं. काल संध्याकाळच्या फेरीलाही म्हटलं होतं. पण मधल्या कमानीचं काम काल संपलं असावं. आज मधली कमान मोकळी होती. तराफा डावीकडच्या कमानीत आला होता आणि त्यावर दोन रंगारी, पालथ्या बादल्यांवर बसून, चहा पीत होते.

कप्तानांनी बोट डावीकडे घेतली. अगदी निःशंकपणे. वेगसुद्धा कमी केला नाही, कारण डावी कमान मोकळी असल्याचं त्यांना पक्कं ठाऊक होतं. बायकोनेच तर सांगितलं होतं.

तपासनीस मान खाली घालून लिहीत होते. "पुलाखालून जाताना घेतलेली दक्षता" असा रकाना होता. त्यांनी "उत्तम" लिहिलं.

रंगारी बोटीकडे बघत होते, पण त्यांनी काही हालचाल केली नाही. रोजची बोट, कप्तान जुना माणूस, वळवेल आता, असं त्यांना वाटत असणार. सत्तर हात राहिले. एकाने दुसऱ्याला बिस्कीट दिलं.

कप्तानिणीने हुकावरचा माईक ओढला. सवयीने तिच्या ओठांवर "मंडळी" आलं. आणि तिच्या लक्षात आलं, की आता वळून उपयोग नाही, मध्ये पुलाचा दगडी खांब आहे. आता थांबायलाच हवं, मागेच घ्यायला हवं. डावं-उजवं तिने दोन वर्षं मंडळींच्या नावाखाली सांगितलं होतं, पण "थांबा" हे मंडळींना कसं सांगणार? मंडळी तर बसलेलीच होती.

"अहो!" ती माईकवर ओरडली.

बोटीवरचे सहा-सात नवरे दचकून ताठ बसले.

"अहो, थांबा! मागे घ्या! समोर माणसं आहेत! तुम्हाला दिसत नाहीये!"

कर्णा चांगला होता. दोन्ही काठांवर ऐकू गेलं. गळ टाकून बसलेला एक माणूस उठून उभा राहिला.

कप्तानांनी क्षणाचाही विचार केला नाही. दांडा मागे खेचला, खाली मिस्त्रीनेही काय करायचं ते केलं, सगळी बोट हुडहुडी भरल्यासारखी थरथरली, कपबशा घरंगळल्या. बोटीचं नाक तराफ्याला जेमतेम टेकलं आणि थांबलं. करड्या रंगाची एक बादली कलंडून बोटीच्या नाकावर रिकामी झाली. दोन्ही रंगारी उभे होते. थोरल्याने आपल्या पेल्यातला चहा शाबूत आहे ना ते बघितलं, मग बोटीकडे बघून म्हणाला, "हात लावू नका. ओला आहे."

केबिनमध्ये तपासनिसांच्या हातातली फळी खाली पडली होती. ती उचलून त्यांनी विचारलं, "कप्तान, तुम्हाला समोर काय दिसतं?"

"पूल," कप्तान म्हणाले.

"आणि?"

कप्तानांनी मान वळवली, कोपऱ्यातून बघितलं, पुन्हा सरळ केली. "ती म्हणाली माणसं आहेत," ते म्हणाले, "म्हणजे असणार."

तपासनिसांनी "उत्तम" खोडलं. मग त्यांनी अतिशय सभ्यपणे कप्तानांना स्टुलावर बसायला सांगितलं आणि स्वतः चाकापाशी उभे राहिले, कारण बोटीवर परवाना असलेले दुसरे तेच होते. गेल्या बावीस वर्षांत त्यांनी फक्त कागद हाकले होते. पुलापासून बोट सोडवतानाच त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी केबिनच्या खिडकीतून बाहेर डोकं काढलं. "बाई," ते म्हणाले, "तो माईक चालू राहू द्या. जरा सांगत चला."

आणि कप्तानिणीने त्यांना आणलं. डावीकडे इतके हात, उजवीकडे तितके हात, पुढे लाल पाटीचा खांब. आवाज चिरकत होता, पण ती बोलत राहिली. धक्क्याला बोट दोनदा आपटली. उतरताना एक बाई म्हणाल्या, "छान झाली फेरी, पण सुरुवातीला माईक बंद होता, तेवढी माहिती बुडाली."

तपासनिसांनी तिथेच, दोर बांधायच्या खांबावर कागद ठेवून परवाना रद्द केला. दाखला देणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता लिहून घेतला. मग जाकिटाचे तिन्ही पट्टे सोडले आणि निघून गेले.

बोट रिकामी झाली. मिस्त्री खाली उगाच इंजिन पुसत बसला. कप्तान अजून केबिनमध्ये स्टुलावरच होते, चाकाला पाठ करून. कप्तानीण दारात उभी राहिली.

"चारचौघांत बोलायला नको होतं मी," ती म्हणाली.

"चारचौघांचं काही नाही गं." मग त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

खोटं सांगायचं तिच्या मनात आलं. "खांबापासून," ती म्हणाली.

"म्हणजे दोन वर्षं."

"हो."

"आणि ते माईकवरचं? हात मोजणं, होड्या सांगणं?"

"तुमच्यासाठी."

कप्तानांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं, तिला ते सोसलं असतं. पण ते समजावून सांगितल्यासारखं, हळू बोलायला लागले. "मला वाटायचं, जरा धूसर दिसतंय, वय झालं. कधी कधी भीती वाटायची, नाही असं नाही. मग म्हणायचो, फार वाईट असतं तर हिने सांगितलं असतं. ही कुणाची भीड ठेवणारी नाही. ज्या दिवशी खरंच दिसेनासं होईल, त्या दिवशी ही सांगेल, आणि मी उतरेन." ते तिच्या कानाच्या पलीकडे बघत होते. "तू सांगायची वाट बघत होतो मी."

दिवसाला तीन तास वीस मिनिटं ती या माणसाच्या कानात बोलत आली होती.

बाहेर धक्क्यावर पुढच्या फेरीची माणसं जमायला लागली होती. कुणीतरी विचारत होतं, बोट कधी सुटणार. "त्यांना सांगायला हवं," ती म्हणाली. "इंजिन बिघडलंय म्हणून सांगते."

"नको," कप्तान म्हणाले.

मग तिने माईक उचलला. एकदा खाकरली.

"मंडळी," ती म्हणाली, "आजपासून फेऱ्या बंद आहेत. इंजिन चांगलं आहे. आमच्या कप्तानांना समोरचं दिसत नाही. मला हे दोन वर्षं माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नाही, आणि तुम्हालाही सांगितलं नाही."

तिने माईक हुकला अडकवला.

"किती माणसं आहेत?" कप्तानांनी विचारलं.

"तीस-बत्तीस. चार लहान मुलं."

"काय करतायत?"

"उभी आहेत. बघतायत."

"माझ्याकडे?"

"नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे."